आधी नाव, मग मृतांचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपघाताची बातमी वाचताना माझी नजर आधी कुठे जाते, याकडे मी अलीकडे जरा सावधपणे पाहू लागलो आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका मालट्रकने महामार्गाच्या मधल्या, केवळ अधिकृत वाहनांसाठी राखलेल्या जागेतून यू-टर्न घेतला, मागून येणारी मोटार त्याच्या ट्रेलरखाली शिरली आणि मोटारीतले तिघेही ठार झाले. ही बातमी प्रथम माझ्या फोनवर आली, तेव्हा मी मृतांची संख्या वाचण्याआधी चालकाचे नाव शोधले. नाव भारतीय निघाले. त्यानंतर मनात आलेला विचार मेलेल्या तिघांचा नव्हता. तिकडे असलेल्या आपल्या माणसांचे आता काय होईल, हा होता. ही कबुली सुरुवातीलाच देऊन ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्यांच्या दोषांविषयी आहे असे कोणाला वाटू नये.

वाहन विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले. आम्ही अपघातस्थळी पोहोचेपर्यंत गर्दीचा निकाल लागलेला असे. एकदा उतारावर मालाने भरलेला ट्रक उभ्या बसवर जाऊन आदळला होता. चालक दूरच्या प्रांतातला होता आणि त्याची भाषा तिथे कोणाला येत नव्हती. जमलेल्यांपैकी जो तो मला एवढेच सांगत होता की, हे बाहेरचे लोक असेच गाडी हाकतात. मी मेकॅनिककडून चाक उतरवून घेतले आणि ड्रम काढायला लावला, तेव्हा आतले ब्रेक लायनर पार संपलेले दिसले. उघडी पडलेली रिव्हेटची डोकी ड्रमच्या बिडावर घासून घासून नख अडकेल अशा चरी पडल्या होत्या. अशा चरी एका दिवसात पडत नाहीत. त्या अवस्थेत ती गाडी मालकाने बरेच दिवस चालवून घेतली होती, आणि मालक अर्थातच बाहेरचा नव्हता. चालकाचाही दोष होताच, कारण ब्रेक कमी लागत असल्याचे त्याला पायाखाली कळत असणार आणि तरीही त्याने गाडी काढली. परंतु गर्दीला ड्रमच्या आत काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते.

पूर्वी ही गर्दी अपघातस्थळापुरती असायची आणि संध्याकाळपर्यंत पांगायची. आता ती लाखांची असते, ती जागेवर कधीच आलेली नसते, आणि पांगत तर मुळीच नाही. फ्लोरिडातील अपघाताची चित्रफीत ट्रकच्या केबिनमधल्या कॅमेऱ्याची होती. ती जगभर फिरली आणि काही दिवसांतच प्रश्न एका चालकापुरता न राहता पगडीचा झाला. अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या शिखांना वाटेतल्या थांब्यांवर आणि समाजमाध्यमांवर शिवीगाळ होत असल्याच्या तक्रारी शीख संघटनांनी केल्या. अपघातानंतर नवव्या दिवशी, २१ ऑगस्टला, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी व्यावसायिक ट्रकचालकांना कामाचा व्हिसा देणे तत्काळ थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातही एका भारतीय वंशाच्या ट्रकचालकाच्या हातून जीवघेणा अपघात झाला. तो अमली पदार्थांच्या नशेत होता असा आरोप प्रथम ठेवण्यात आला होता. रक्ततपासणीत तसे काही आढळले नाही आणि तो आरोप काढावा लागला, मात्र घोर निष्काळजीपणाचा आरोप कायम राहिला. नशेची बातमी मला चार ठिकाणांहून आली होती. तपासणीच्या निकालाची बातमी मला मुद्दाम शोधावी लागली.

याचा अर्थ प्रश्न विचारूच नयेत असा नाही. फ्लोरिडाच्या प्रकरणात अमेरिकेच्या परिवहन विभागाने अपघातानंतर त्या चालकाची चाचणी घेतली. विभागाच्या निवेदनानुसार त्याला इंग्रजीतील बारा तोंडी प्रश्नांपैकी दोनांचीच उत्तरे देता आली आणि चार वाहतूक चिन्हांपैकी एकच ओळखता आले. हे गंभीर आहे. ज्या देशात गाडी चालवायची तिथल्या पाट्या वाचता येत नसतील, तर चालकाच्या हातात जड वाहनाचे चाक देणे चूक आहे, आणि असे म्हणणाऱ्याला परदेशीयांचा द्वेष्टा ठरवणेही चूक आहे. परंतु हा प्रश्न जसा चालकाकडे जातो तसाच त्याला परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे, आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाकडेही जातो. परवाना कोणी दिला, परीक्षा कोणी घेतली, घेतली की नुसतीच नोंदवली? हे प्रश्न मी प्रतिक्रियांच्या ढिगात शोधत होतो. सापडलेही, पण अगदी तळाशी.

या बाबतीत मला सगळ्यात शिकवून जाणारा वाटतो तो कॅनडातला हम्बोल्टचा अपघात. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील एका ग्रामीण चौकात हम्बोल्ट ब्रॉन्कोज या तरुण आइस हॉकीपटूंच्या संघाची बस आणि पीट मॉसचे, म्हणजे बागकामात वापरायच्या वाळलेल्या शेवाळाचे, गठ्ठे लादलेला दोन ट्रेलरांचा ट्रक यांची धडक झाली. सोळा जण मृत्युमुखी पडले, तेरा जखमी झाले. ट्रकचालक भारतातून गेलेला, एकोणतीस वर्षांचा, कॅनडाचा कायम रहिवासी होता. चौकाची पूर्वसूचना देणाऱ्या पाट्या, थांबण्याची पाटी, तिच्यावरचा लुकलुकणारा लाल दिवा, हे सगळे ओलांडून तो पुढे गेला. न्यायालयात सांगण्यात आले त्याप्रमाणे त्याचे लक्ष आरशात, मागे फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे लागले होते. त्याने सर्व आरोप कबूल केले, आणि खटला लढवून त्या कुटुंबांचे दुःख वाढवायचे नाही असे सांगितले. मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०२४ मध्ये त्याच्या हद्दपारीचा आदेश निघाला. मुले गमावलेल्या आईवडिलांमध्येही एकवाक्यता नव्हती. काहींनी त्याला क्षमा केली, काहींना त्याची हद्दपारीच हवी होती. मला यांपैकी कोणालाही चूक म्हणवत नाही.

मात्र त्या चालकाला ट्रकवर चढवण्याआधी जेमतेम दोन आठवड्यांचे शिक्षण मिळाले होते, आणि त्या वेळच्या सस्कॅचेवानमध्ये ते बेकायदा नव्हते. नवख्या ट्रकचालकांना सक्तीचे प्रशिक्षण देण्याचा नियम तोपर्यंत कॅनडात केवळ ऑन्टारिओ प्रांतात होता. अपघातानंतर, मार्च २०१९ पासून, सस्कॅचेवानने १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि शेजारच्या अल्बर्टानेही तसाच नियम आणला. ट्रक कंपनीच्या मालकाने सुरक्षा नियम मोडल्याचे मान्य केले. त्याला दंड झाला पाच हजार डॉलर. शिवाय त्याच चौकात १९९७ साली एका अपघातात सहा जण मेले होते, आणि तेव्हा हा चालक प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाचा होता, तोही भारतात. २०१८ नंतर त्या चौकाची पाहणी झाली, तेव्हा नजरेआड करणारी झाडे काढावीत, रस्त्यावर चाकांना हादरे देणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात, ‘थांबा’ ही अक्षरे डांबरावरच रंगवावीत, अशा शिफारशी झाल्या. १९९७ मध्ये सहा माणसे मेली त्याच वर्षी हे का झाले नाही, असे विचारणारा संताप मला फारसा कुठे वाचायला मिळाला नाही. ‘यांना परत पाठवा’ हे मात्र इतक्या वेळा वाचले की त्यातील ‘यांना’ म्हणजे नेमके कोणाला, हा प्रश्नच उरला नाही. तो एक चालक नव्हता, एवढे नक्की.

मृताच्या कुटुंबाला या द्वेषाने काही दिलासा मिळत असेल, असे ज्यांना वाटते त्यांनी ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्डची हकीगत मुळापासून वाचावी. २२ ऑगस्ट २०२३ हा तिथल्या शाळेचा पहिला दिवस होता. हैतीहून आलेल्या एका चालकाची मिनिव्हॅन मध्यरेषा ओलांडून शालेय बसच्या वाटेत आली, बस रस्त्याखाली जाऊन उलटली, अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला आणि वीसहून अधिक मुले जखमी झाली. चालकाकडे ओहायोत चालेल असा परवाना नव्हता. त्याच्यावर खटला चालला, ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि त्याला दीर्घ मुदतीचा तुरुंगवास झाला. इथे न्यायव्यवस्थेने काही दडपले नव्हते, कोणाला पाठीशी घातले नव्हते. तरीही वर्षभराने, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात, त्या मुलाचे छायाचित्र चालकाच्या छायाचित्राशेजारी लावून फिरवले गेले आणि अपघाताला ‘हत्या’ म्हटले गेले.

१० सप्टेंबर २०२४ रोजी त्या मुलाचे वडील शहराच्या प्रशासकीय सभेत उभे राहिले. माझ्या मुलाला साठ वर्षांच्या एखाद्या गोऱ्या माणसाने मारले असते तर बरे झाले असते, असे ते म्हणाले. कारण मग द्वेष ओकणाऱ्या या लोकांनी आम्हाला आमच्या दुःखात एकटे तरी सोडले असते. माझ्या मुलाची हत्या झालेली नाही, तो अपघातात गेला, हे त्यांना नेत्यांची नावे घेऊन सांगावे लागले. मुलगा गमावलेल्या बापावर हे म्हणायची वेळ यावी, यापुढे मला त्यावर काही भाष्य सुचत नाही. त्याच रात्री दूरचित्रवाणीवरील वादविवादात हैतीचे लोक स्प्रिंगफील्डमध्ये पाळीव कुत्री-मांजरे खातात, ही निराधार अफवा देशापुढे मांडली गेली. पुढच्या काही दिवसांत शाळा, रुग्णालये आणि नगरपालिकेच्या इमारतीत बॉम्ब ठेवल्याच्या किमान तेहतीस खोट्या धमक्या आल्या. ज्या मुलाच्या नावाने हे सगळे चालले होते त्याच्या बरोबरीची मुले शाळांतून बाहेर काढावी लागली.

दरम्यान ओहायोच्या राज्यपालांनी शालेय बसच्या सुरक्षेसाठी एक कार्यगट नेमला होता. बसमध्ये आसनपट्टे असावेत का, चालकांची तपासणी कशी व्हावी, बसची रचना कशी असावी, याचा विचार त्या गटाने केला आणि जानेवारी २०२४ मध्ये शिफारशी दिल्या; पट्टे सक्तीचे करण्याइतके पुढे मात्र तो गट गेला नाही. यावर दोन्ही बाजूंनी मांडण्यासारखे खूप आहे आणि प्रत्येक पालकाने मत द्यावे असा हा विषय आहे. पण मांजरांची गोष्ट जगात ज्याच्या कानावर गेली नाही असा माणूस विरळा, आणि बसच्या पट्ट्यांची चर्चा त्या राज्याबाहेर कोणी ऐकलीही नसेल.

द्वेषाला तपशिलाचे वावडे असते हे सिंगापूरने एका पाठोपाठ एक अशा दोन वर्षांत दाखवून दिले. १२ मे २०१२ च्या पहाटे एका चिनी नागरिकाने फेरारी गाडी लाल दिवा तोडून भरधाव काढली आणि ती टॅक्सीवर आदळली. तो स्वतः, सिंगापुरी टॅक्सीचालक आणि टॅक्सीतली प्रवासी महिला, असे तिघे मेले. दुसऱ्या टॅक्सीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य लगोलग पसरले आणि परदेशीयांविरुद्धच्या रागाला तोंड फुटले. तिथल्या दर दहा रहिवाशांत जवळपास चार जण नागरिक नसलेले, घरे महाग, गाड्या तर त्याहून महाग. असा साठलेला असंतोष एका फेरारीवर जाऊन बसला. तो असंतोष खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण टॅक्सीतली ती महिला जपानी होती, म्हणजे मृतांत जसा चालक परदेशी होता तशी तीही परदेशीच होती, आणि परदेशीयांना शिव्या घालताना हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. पुढच्या वर्षी ८ डिसेंबरला तिथल्या लिटल इंडिया भागात बसखाली सापडून एक भारतीय बांधकाम मजूर मेला. त्यानंतर सुमारे तीनशे परदेशी मजुरांनी दंगल केली, पोलिसांच्या गाड्या आणि रुग्णवाहिका पेटवल्या. दंगल समर्थनीय नव्हतीच. दोषींवर खटले झाले, अनेकांना परत पाठवले गेले. परंतु समाजमाध्यमांवर त्या रात्रीपासून जे वाहू लागले ते दंगलखोरांपुरते नव्हते, सगळ्या दक्षिण आशियाई मजुरांविरुद्ध होते, इतके की पंतप्रधानांना परदेशीयांविषयी द्वेषाची भाषा वापरू नका असे जाहीर आवाहन करावे लागले. पहिल्या घटनेत मारणारा परदेशी होता, दुसऱ्या घटनेत मरणारा परदेशी होता. शिव्या दोन्ही वेळा परदेशीयांनाच पडल्या.

राग योग्य जागी नेता येतो, याचेही उदाहरण आहे. २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये क्रॉटन येथील हवाई दलाच्या तळाबाहेर एका अमेरिकन महिलेची मोटार रस्त्याच्या चुकीच्या बाजूने आली आणि मोटारसायकलवरचा एकोणीस वर्षांचा तरुण त्या धडकेत मरण पावला. तळावरील अमेरिकन कर्मचाऱ्याची पत्नी म्हणून तिच्या वतीने राजनैतिक संरक्षणाचा दावा करण्यात आला आणि ती मायदेशी निघून गेली. त्या तरुणाच्या आईवडिलांना संतापाचे कारण इतरांपेक्षा जास्तच होते, पण त्यांच्या मोहिमेचा रोख अमेरिकन माणसांवर नव्हता, त्या संरक्षणावर होता. तळावरच्या कर्मचाऱ्यांवर खटला चालू शकत होता, त्यांच्या कुटुंबीयांवर मात्र नाही, अशी ती विचित्र फट जुलै २०२० मध्ये दोन्ही सरकारांनी बुजवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या महिलेने निष्काळजी वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याची कबुली दिली आणि डिसेंबरमध्ये तिला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ही शिक्षा पुरेशी होती का, यावर मतभेद होतील. इथे एक शंका मात्र बोलून दाखवतो. ती महिला हैतीची असती तर चर्चा राजनैतिक संरक्षणापुरती राहिली असती का? गोरा अमेरिकन चुकीच्या बाजूने आला तर तो ‘चालक’ असतो आणि गरीब देशातून आलेला माणूस आला तर तो ‘स्थलांतरित’ असतो, असे मला इतक्या बातम्या वाचून वाटू लागले आहे.

रस्त्याची बाजू हा खरोखरच परदेशी चालकांचा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्यावरही दोन प्रकारची उत्तरे निघालेली आहेत. न्यूझीलंडमध्ये २०१५ च्या सुमारास काही स्थानिक लोक पर्यटकांना अडवून त्यांच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेऊ लागले. तिथल्या वाहतूक यंत्रणेने त्याच काळात पर्यटकांच्या वाटांवर डावी बाजू दाखवणारे बाण थेट रस्त्यावर रंगवायला घेतले. दोन्हींमागे भीती एकच होती, आणि ती खोटीही नव्हती. पण दीर्घ विमानप्रवासानंतर भाड्याच्या गाडीत बसलेल्या माणसाला, उजवीकडे वळल्यावर कुठल्या बाजूला राहायचे हे नेमक्या क्षणी सांगण्याचे काम त्या बाणाने केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यांवर मेली, म्हणजे रोज तीन हजारांहून अधिक. आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच आहे. यांतील बहुतेकांना मारणारे चालक त्यांच्याच देशाचे, त्यांचीच भाषा बोलणारे होते, हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. त्या मृत्यूंना प्रतिक्रियांचा पूर येत नाही. ते आतल्या पानावरच्या तीन ओळींत मावतात.

आता थोडे आपल्या वृत्तपत्र-व्यवसायाविषयी. चालकाचा देश मथळ्यात घालायचा की नाही, हा निर्णय बातमी लिहिणाऱ्याच्या हातात असतो. जर्मनीतील वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत, विशेषतः २०१७ च्या दुरुस्तीनंतर, आरोपी कोणत्या वांशिक वा धार्मिक गटाचा आहे हे सांगण्यामागे सार्वजनिक हिताचे सबळ कारण असावे असे म्हटले आहे. ब्रिटनच्या संपादकीय संहितेतही वंश, वर्ण, धर्म यांचा उल्लेख विषयाशी खरोखर संबंध असल्याशिवाय टाळावा असे कलम आहे. क्रॉटनच्या बातमीत ‘अमेरिकन’ हा शब्द आवश्यक होता, कारण त्याशिवाय संरक्षणाचा मुद्दाच कळला नसता. फ्लोरिडाच्या बातमीत परवान्याच्या अनुषंगाने तो आतील मजकुरात यायला हरकत नव्हती. पण तो मथळ्यात आला, आणि आपल्याकडील माध्यमांतही ‘भारतीय ट्रकचालक’ असाच आला. आपणच आपल्या माणसाची ओळख त्याच्या कृत्याच्या आधी छापली, मग तिकडच्या लोकांनी तीच वाचली म्हणून त्यांना नावे कशी ठेवायची? उपरा, परका, बाहेरचा, परप्रांतीय, असे शब्द आपल्या भाषेत तयारच आहेत, आणि ते वापरताना आपली जीभ फारशी अडखळत नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

आपणास विनंती अशी की, अशा अपघाताची पहिली बातमी ज्या जागेवर छापली जाते तिथेच, शक्य तितक्या ठळकपणे, तपासाचा निष्कर्षही छापला जावा. रक्ततपासणीत काय निघाले, ब्रेक कसे होते, चालक किती तास सलग गाडीवर होता, परवाना कोणत्या परीक्षेवर मिळाला होता, हे वाचकाला कळावे. आपल्या संकेतस्थळावर अशा बातमीखालील प्रतिक्रिया पहिले दोन दिवस तपासल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत; राग व्यक्त करणाऱ्या जरूर याव्यात, एखाद्या समूहाला हाकलून द्या म्हणणाऱ्या येऊ नयेत. आणि फ्लोरिडातील खटल्याचा निकाल लागेल तेव्हा, तो चालक दोषी ठरो वा न ठरो, त्या मोटारीतील तीन माणसांविषयीही दोन ओळी द्याव्यात. इतके महिने या प्रकरणाविषयी मी वाचतो आहे, चालकाचे नाव मला तोंडपाठ झाले आहे, पण त्या तिघांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त विमा सर्व्हेअर